मोसिन महाग का झाली?

२००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या शस्त्रांच्या दुकानात मोसिन-नगांत ही रशियन लष्करी रायफल ऐंशी-नव्वद डॉलरला मिळायची. वर संगीन, खांद्याचा पट्टा, काडतुसांच्या पिशव्या आणि तेलाची डबी, असा सगळा सरंजाम फुकट. आज तीच रायफल तशाच अवस्थेत तीनशे-चारशे डॉलरच्या खाली सहसा हाती लागत नाही. स्वित्झर्लंडची के-३१, युगोस्लाव्हियाची एसकेएस, इंग्रजांची ली-एनफिल्ड या सगळ्यांची गत तीच. एके काळी दुकानाच्या कोपऱ्यात पिंपात उभ्या करून ठेवलेल्या या बंदुका आता काचेच्या कपाटात गेल्या आहेत. यामागचं कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : जुनी वस्तू दुर्मीळ होते आणि दुर्मीळ वस्तू महागते. पण मोसिन-नगांतच्या सुमारे ३ कोटी ७० लाख प्रती तयार झाल्या. जगात आजवर सर्वाधिक संख्येने बनलेल्या लष्करी रायफलींपैकी ती एक आहे. तिला दुर्मीळ कोणत्या तोंडाने म्हणायचं? माझ्या मते कोडं उलट बाजूने सोडवायला हवं. रायफल आज इतकी महाग का, हा प्रश्न मागाहून विचारावा. आधी विचारायचं ते हे, की चांगल्या पोलादाची, अक्रोडाच्या किंवा बर्चच्या लाकडाची, कारागिरांनी सव्वा मीटर लांबीची घडवलेली ही वस्तू कधी काळी बुटांच्या जोडाच्या किमतीला का विकली जात होती?

त्याचं उत्तर रायफलीच्या जन्मकथेत आहे. रशियन अधिकारी सर्गेई मोसिन आणि बेल्जियन शस्त्रनिर्माते लिओन नगांत यांच्या आराखड्यांचा मेळ घालून १८९१ मध्ये झारच्या सैन्याने ही रायफल स्वीकारली. तुला, इझेव्स्क आणि सेस्त्रोरेत्स्क इथल्या कारखान्यांना मागणी पुरी करता येईना, म्हणून पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या रेमिंग्टन आणि न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउस या कंपन्यांकडूनही ती बनवून घेतली गेली. १९३० मध्ये तिच्यात सुधारणा झाली आणि ९१/३० या नावाने ती दुसऱ्या महायुद्धात लाल सैन्याच्या हाती राहिली. युद्ध संपलं, पुढे एसकेएस आणि कलाश्निकोव्ह आल्या, मोसिन कालबाह्य झाली. पण सोव्हिएत राज्यकर्त्यांनी ती फेकली नाही. पुढचं महायुद्ध झालंच तर राखीव दलांना द्यायला म्हणून लाखो रायफली शस्त्रागारांत परत आणल्या, झिजलेले भाग बदलले, लाकडावर नवं रोगण चढवलं, चिकट ग्रीसमध्ये बुडवून पेट्यांत भरल्या आणि युक्रेनपासून उरलपर्यंतच्या कोठारांत रचून ठेवल्या. ते युद्ध झालंच नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा नव्याने जन्मलेल्या देशांच्या पदरात ही कोठारं पडली. त्यांची राखण करायला पैसा लागत होता आणि विकली तर परकीय चलन मिळत होतं. मग रायफली जवळपास भंगाराच्या हिशेबाने विकल्या गेल्या. म्हणजे ऐंशी डॉलर ही त्या वस्तूची खरी किंमत नव्हतीच. एका कोसळलेल्या साम्राज्याने आपल्या घरातला पसारा आवरताना लावलेला तो भाव होता. पसारा आवरून झाला, भाव गेला.

असा पसारा याआधीही आवरला गेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपच्या सैन्यांनी जुनी शस्त्रं मोडीत काढली, तेव्हा सॅम्युएल कमिंग्ज या अमेरिकी व्यापाऱ्याने ती गठ्ठ्याने विकत घेतली. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहरात पोटोमॅक नदीकाठच्या त्याच्या गोदामांत देशोदेशींच्या रायफली रचलेल्या असत आणि टपालाने थेट घरपोच जात. या स्वस्त मालाने मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमधले बंदूक कारखानदार हैराण झाले. आपल्या राज्यातल्या त्या कारखान्यांना वाचवण्यासाठी अशा आयातीवर बंदी घालणारं विधेयक १९५८ मध्ये एका तरुण सिनेटरने मांडलं होतं. त्याचं नाव जॉन केनेडी. विधेयकातली बंदी तेव्हा कायद्यात उतरली नाही. पाच वर्षांनी ली हार्वे ऑस्वाल्डने शिकागोच्या एका दुकानातून टपालाने इटालियन सैन्याची जुनी कारकानो रायफल मागवली, दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंटला, आणि २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडींवर झाडली. कादंबरीकाराने असं कथानक रचलं असतं तर वाचकांनी त्याला ओढूनताणून जुळवलेलं म्हटलं असतं. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने टपालविक्री आणि परदेशी लष्करी शस्त्रांची आयात दोन्ही बंद केली. १९८४ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, म्हणजे संग्राह्य ठरणाऱ्या शस्त्रांपुरतं आयातीचं दार पुन्हा किलकिलं झालं, आणि नेमकं त्यानंतर सात वर्षांनी सोव्हिएत कोठारं उघडली. दार आणि कोठार एकाच वेळी उघडं असणं हा इतिहासातला योगायोग होता. तोच ‘स्वस्त रायफलीचा काळ’ म्हणून संग्राहकांच्या स्मरणात राहिला आहे.

मग ते दार टप्प्याटप्प्याने लागत गेलं. १९९४ मध्ये अमेरिकेने चिनी बंदुकांची आयात थांबवली. त्याआधी चिनी एसकेएस शंभर डॉलरच्या आत मिळत. १९९६ मध्ये रशियाशी करार होऊन कोणत्या बंदुका येऊ शकतील त्याची यादीच ठरली. मोसिन त्या यादीत होती, म्हणून ती आणखी काही वर्षं येत राहिली. २०१३ मध्ये ओबामा प्रशासनाने अमेरिकेनेच मित्रदेशांना दिलेली जुनी शस्त्रं खासगी व्यापाऱ्यांना परत आणू देणं बंद केलं. दक्षिण कोरियाकडे पडून असलेल्या हजारो एम-१ गॅरंड रायफली त्यामुळे तिथेच अडकल्या. २०१४ नंतर रशियावर निर्बंध आले. रशियातले विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांच्यावरील विषप्रयोगानंतर २०२१ मध्ये रशियन बंदुका आणि काडतुसांच्या आयातीचे नवे परवानेही थांबले. याला समांतर आणखी एक गोष्ट घडत होती. २००१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कृती कार्यक्रमाने जास्तीची लहान शस्त्रं विकण्यापेक्षा नष्ट करावीत अशी भूमिका घेतली आणि अनेक सरकारांनी आपली कोठारं वितळवण्याच्या भट्टीकडे वळवली. किमतींचा आलेख आणि या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. रायफलीचं वय दर वर्षी एका वर्षानेच वाढतं. किंमत मात्र दार लागलं की उडी मारते.

या म्हणण्याची उलट तपासणीही करता येते. दार लागण्याऐवजी अचानक नवं कोठार सापडलं तर काय होतं? २००३ मध्ये दोन अमेरिकी व्यापारी कंपन्यांनी मिळून नेपाळच्या शाही सैन्याचा जुना शस्त्रसाठा विकत घेतला. काठमांडूतल्या लगन सिलेखाना या पडक्या राजवाड्यात तो दशकानुदशकं धूळ खात पडला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या ब्राउन बेस बंदुका, ब्रन्सविक, स्नायडर, मार्टिनी-हेन्री, नेपाळी जनरल गहेंद्र शमशेर यांच्या नावाची गहेंद्र रायफल आणि दुनळी बिरा मशीनगन असा ऐवज होता तो. नग पन्नास हजारांच्या घरात. झुलू युद्धामुळे प्रसिद्ध झालेली मार्टिनी-हेन्री तोवर मोजक्या हौशी लोकांची चैन होती. या साठ्यानंतर ती काही शे डॉलरला, गंजलेली आणि कळकट का होईना, कुणालाही घेता येऊ लागली. एकोणिसाव्या शतकातली वस्तू एकविसाव्या शतकात स्वस्त झाली, कारण पुरवठा आला. पुढे त्या साठ्यातला चांगला माल संपत गेला आणि भाव परत चढले. वयाने किंमत ठरत असती तर हे चढउतार झालेच नसते.

कायद्याचा हात किमतीवर किती थेट असतो हे पाहायचं तर फिनलंडकडे जावं लागेल. फिनिश सैन्याने रशियाकडून वारशाने आणि लढाईत मिळालेल्या मोसिन रायफलींपासून स्वतःची एम-३९ नावाची उत्तम रायफल बनवली. नळी नवी, दस्ता नवा, पण मधला मुख्य सांगाडा जुन्या रशियन रायफलीचा. अमेरिकी कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक ‘प्राचीन’ ठरते आणि तिला बहुतेक संघीय नियम लागूच होत नाहीत. कायदा वय मोजतो ते सांगाड्याचं. त्यामुळे १९४० च्या दशकात जुळवलेली रायफलसुद्धा आतला सांगाडा १८९७ चा निघाला तर कायद्याने प्राचीन! हे साल लाकडाखाली झाकलेल्या पट्टीवर कोरलेलं असतं. संग्राहक स्क्रू काढतात, लाकूड वेगळं करतात आणि साल वाचतात. १८९८ निघालं तर किंमत वाढते, १८९९ निघालं तर नाही. दोन्ही रायफली नेमबाजीत सारख्या, दिसायला सारख्या, इतिहासही सारखाच. फरक एका वर्षाचा आणि तोही कायद्याच्या पुस्तकातला.

यावर पहिला आक्षेप महागाईचा येईल. वीस वर्षांत सगळंच वाढलं, रायफलीचं काय घेऊन बसलात? हिशेब करून पाहू. अमेरिकेच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार २००५ चे शंभर डॉलर २०२४ मध्ये साधारण एकशे साठ डॉलर होतात. म्हणजे नव्वद डॉलरची मोसिन महागाईने फार तर एकशे पंचेचाळीसला जायला हवी होती. वरचे दीडशे-अडीचशे डॉलर महागाईच्या खात्यात टाकता येत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मागणी वाढली असं तो म्हणतो. स्टालिनग्राडचा नेमबाज वासिली झाइत्सेव्ह याच्यावरचा ‘एनिमी ॲट द गेट्स’ हा चित्रपट आला, ‘कॉल ऑफ ड्यूटी’सारख्या व्हिडिओ गेमने एका पिढीच्या बोटांना या रायफलींची ओळख करून दिली, यूट्यूबवर जुन्या शस्त्रांचे अभ्यासू कार्यक्रम सुरू झाले, आणि कोरोनाच्या वर्षात अमेरिकेत बंदूकखरेदीला उधाण आलं. हे सगळं खरं आहे. २०२० मध्ये तिथल्या बंदूक-पार्श्वभूमी तपासण्यांचा आकडा सुमारे ३ कोटी ९७ लाखांवर गेला, तो तोवरचा विक्रम होता. पण तारखा पाहा. चित्रपट २००१ चा, गेम २००३ चा. त्यानंतर जवळपास दहा वर्षं मोसिन शंभर डॉलरच्या आसपासच घुटमळत होती. मागणी होती, हौस होती, पण पेट्यांवर पेट्या येत असल्याने भाव हलला नाही. हौशीने किमतीला धार आली ती पुरवठा आटल्यावर. गॅरंडचंही तसंच. सुमारे चोपन्न लाख बनलेली ही अमेरिकी रायफल तिथल्या नागरी नेमबाजी संस्थेमार्फत सरकारी साठ्यातून ठरावीक दराने विकली जाते, तिथे लिलावाची चढाओढ नसते. तरीही साठा जसजसा उतरत गेला तसतशी संस्थेने स्वतःच दरपत्रक वर नेलं.

मग संग्राहकांच्या बैठकीत हमखास निघणारा तिसरा मुद्दा : पुरवठा संपला असेल तर आत्ता घेऊन ठेवलेली रायफल म्हणजे सोन्याची वीटच की! इथे मात्र थांबून बोटं मोजावीत. नव्वदची चारशेला गेली म्हणजे साडेचारपट झाली. याच काळात अमेरिकी शेअर बाजाराचा एस अँड पी ५०० निर्देशांक, लाभांश सोडूनही, तितकाच किंवा थोडा अधिक वाढला. लाभांश धरला तर रायफल मागेच पडते. शेअरला तेल घालावं लागत नाही, तिजोरी लागत नाही, विम्याचा हप्ता नाही आणि विकताना परवान्याचे कागद नाहीत. शिवाय चारशेला गेली ती सरासरी मोसिन. तिचे बहुतेक भाग शस्त्रागारात बदललेले असतात आणि जुने आकडे खोडून नवे कोरलेले असतात, जेणेकरून बोल्ट, दस्ता आणि सांगाड्याचा क्रमांक जुळावा. खऱ्या अर्थाने महाग झाल्या त्या न छेडलेल्या रायफली, म्हणजे कारखान्यातून निघताना जे भाग होते तेच आजही अंगावर असलेल्या. अशा रायफली कमी उरण्याचं एक गमतीशीर कारण आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकी शिकाऱ्यांनी स्वस्तात घेतलेल्या हजारो मॉझर, स्प्रिंगफील्ड आणि एनफिल्ड रायफलींची नळी कापली, लाकूड तासलं, दुर्बिणीसाठी भोकं पाडली आणि हरणाच्या शिकारीला नेल्या. तेव्हा ती सुधारणा वाटली, आज ती नासधूस ठरते. स्वस्त वस्तूला कुणी जपत नाही, एवढाच त्याचा अर्थ. स्विस के-३१ ला निराळं भाग्य लाभलं. तिच्या दस्त्याच्या लोखंडी पट्टीखाली पुष्कळदा सैनिकाच्या नावाचा, गावाचा कागद दडलेला सापडतो. बंदुकीला चरित्र मिळतं, आणि चरित्राला बाजारात दाम आहे. अर्थात दाम आला की खोट आलीच. साध्या मोसिनला भोकं पाडून, दुर्बीण बसवून ती नेमबाज सैनिकाची म्हणून विकणारे कमी नाहीत. काडतुसांची कथाही विसरू नये. ४४० काडतुसांचा सीलबंद पत्र्याचा डबा एके काळी शंभर डॉलरच्या आत मिळायचा, म्हणून लोक ही रायफल मैदानावर चालवायचे. आता काडतूस महाग झालं आणि रायफल भिंतीवर गेली. जी वस्तू केवळ भिंतीवर राहते तिची हौस पुढच्या पिढीला तितकीच असेल याची हमी कोण देणार? गुंतवणूक म्हणून मी कुणालाही हा सौदा सुचवणार नाही.

चौथा आक्षेप पैशाचा नाही, नीतीचा आहे. ही माणसं मारण्याची हत्यारं आहेत, ती वितळवलीत तर बिघडलं कुठे? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, विशेषतः ऑस्वाल्डची कथा सांगितल्यावर. ‘प्राचीन’ हा शब्द शस्त्राचं नख काढत नाही. २०२२ मध्ये दोनेत्स्कमध्ये सक्तीने भरती केलेल्या माणसांच्या हाती मोसिन रायफली दिसल्या, एकशे तीस वर्षांपूर्वीचा आराखडा पुन्हा खंदकात उतरला होता. म्हणून चालू स्थितीतल्या लाखो रायफली बेवारशी कोठारांत ठेवण्यापेक्षा नष्ट करण्याची सरकारांची भूमिका मला समजते. मात्र सरसकट भट्टी लावताना नमुन्यादाखलही काही न ठेवणं हे दप्तर जाळण्यासारखं आहे. या लोखंडावर कारखान्याची खूण, साल, दुरुस्तीचा शिक्का, एका सैन्याकडून दुसऱ्याकडे गेल्याची मुद्रा असते. फिनलंडने घेतलेली, जर्मनांनी हिसकावलेली, परत रशियनांनी मिळवलेली अशी रायफल तीन देशांचा लेखी पुरावा अंगावर वागवते. संग्राहक हौसेपोटी का होईना तो पुरावा वाचतात आणि जपतात, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

या बाजारात आपल्याकडचा माल आहे, हे मराठी वाचकांना फारसं ठाऊक नसतं. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्ड इंग्रज गेल्यावरही बनवली, आणि १९६२ च्या चीन युद्धानंतर ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी तिची २ए ही आवृत्ती काढली. पुढे निकाली निघालेल्या ईशापूर रायफली अमेरिकेत गेल्या, आधी मातीमोल भावाने, आता मानाने. जुन्या .३०३ काडतुसांच्या बुडाशी ‘के एफ’ ही अक्षरं दिसली की तिकडचा संग्राहक ओळखतो, हे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं. आपल्याकडे मात्र ‘थ्री-नॉट-थ्री’ ही संग्रहाची वस्तू कधी झालीच नाही, ती कामातच राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांच्या हाती तीच होती, समोर कलाश्निकोव्ह असताना. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला अधिकृत निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात. सामान्य नागरिकाला इथे ती घेताच येत नाही, कारण .३०३ हा निषिद्ध बोअर आहे. सैन्याचं काडतूस खासगी बंदुकीत चालू नये हा ब्रिटिशांचा हिशेब आपण तसाच चालू ठेवला आणि शिकाऱ्यांसाठी, शेतकऱ्यांसाठी .३१५ बोअरची वेगळी रायफल बनवली. म्हणजे ईशापूरची तीच रायफल टेक्सासमध्ये कुणी वाणसामानाच्या यादीसोबत घेऊ शकतो आणि ईशापूरमध्ये नाही. किंमत वस्तूत नसते, तिच्याभोवतीच्या कायद्यात असते, याचा याहून सोपा दाखला मला सुचत नाही.

तेव्हा अमेरिकेतले आकडे वाचून कुणी वाड्याच्या माळ्यावरची आजोबांची बंदूक शोधायला निघणार असेल तर एक सूचना. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून सुटका मिळते ती फक्त अशा पुराणवस्तूला, जी दुरुस्त करूनही चालवता येणार नाही. चालण्याजोगी असेल तर ती कितीही जुनी असली तरी परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवान्यावर दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत, वारशाने आलेल्याही त्यातच मोजल्या जातात. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ती देशाबाहेर विकता येत नाही. अशी बंदूक सापडली तर तिचे फोटो समाजमाध्यमांवर टाकून भाव विचारत बसू नका. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करा आणि परवाना शाखेचा सल्ला घ्या.